मानेतली नस, मिश्रीची डबी आणि पावणेतीन महिने

भोगीचा दिवस होता. १३ जानेवारी २०२५, सोमवार. सकाळी सव्वानऊच्या सुमाराला मी बाजरीच्या भाकरी थापत होते. वरून तीळ लावायचे म्हणून उजवा हात वाटीकडे नेला, तर तो वाटीपर्यंत पोचलाच नाही, परातीच्या काठावर पडला. दुखलं नाही, मुंग्याही आल्या नाहीत. नुसता पडला, कुणीतरी दुसऱ्याचा हात आणून ठेवल्यासारखा. तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. "गॅस बंद करा हो" असं ओरडायला गेले आणि तोंडातून भलतंच काहीतरी निघालं. ते शब्द नाहीत हे माझं मलाच ऐकू येत होतं. बाहेरच्या खोलीतून हे म्हणाले, "काय म्हणायलीस?"

दहा-बारा मिनिटांत हात उचलला गेला आणि बोलताही आलं. करपलेली भाकरी गाईला काढून ठेवली आणि मी राहिलेल्या चार भाकरी थापल्या. सोलापुरात आमची गड्ड्याची यात्रा सुरू होती, संध्याकाळी नणंद येणार होती, भोगीची भाजी व्हायची होती. ह्यांचं म्हणणं, उपाशीपोटी पित्त चढलं असेल. मलाही ते पटवून घ्यायचंच होतं.

आज मला कळतं की त्या चार भाकरींचा वेळ मी उगाच घालवला. खरं तर त्याच्याही आधीचा. दिवाळीच्या पाडव्याला रांगोळी काढताना डाव्या डोळ्यापुढे वरून खाली पडदा सरकावा तसा अंधार आला होता आणि दोन-तीन मिनिटांत गेला होता. मी चष्म्याच्या दुकानात जाऊन नंबर तपासला. दुकानदारानं पाव नंबर वाढवून दिला, अठराशे रुपये घेतले. त्याचा दोष नाही, मी त्याला पडद्याचं सांगितलंच नव्हतं, "अंधुक दिसतंय" इतकंच म्हणाले होते. एकाच डोळ्यापुढे असा पडदा येऊन गेला तर तो चष्म्याचा प्रश्न बहुतेक वेळा नसतो, मानेतल्या नसेतून सुटलेला कण डोळ्याच्या बारीक रक्तवाहिनीत जाऊन अडकलेला असू शकतो, हे मला दोन महिन्यांनी कळायचं होतं.

मी एका पतसंस्थेत रोखपाल आहे, वय ५७. घर अशोक चौकाच्या पुढे. शेजारीपाजारी विड्या वळणाऱ्या बायका, यंत्रमागाचा खडखडाट, आणि तंबाखूचा वास लहानपणापासून नाकात इतका मुरलेला की तो वास आहे हेही लक्षात येत नाही. मी मिश्री लावायचे. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, वाटायची, कापडातून गाळायची, डबीत भरायची. आई लावायची, म्हणून मी चौदाव्या वर्षी सुरू केली. ऑफिसात कुणाला माहीत नव्हतं. मुलाला माहीत होतं, पण तो तिला "आईचं मंजन" म्हणायचा. २०१९ मध्ये आरोग्य विम्याचा फॉर्म भरताना एजंटनं विचारलं, "तंबाखू, सिगारेट, दारू काही नाही ना वहिनी?" त्याच्या वाक्यातच उत्तर होतं. मी मान हलवली. मिश्रीला तंबाखू म्हणतं कोण? हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे ते मला बरंच महाग पडत राहिलं.

संध्याकाळी सहाला गल्लीतल्या डॉक्टरांचा दवाखाना उघडतो, तोवर मी थांबले. त्यांनी बीपी पाहिला, १७८/१०४. बीपीची गोळी मला सहा वर्षांपासून होती, पण मी ती डोकं दुखलं की घ्यायचे. दुखत नसताना गोळी कशाला, असा माझा हिशेब. डॉक्टरांनी सकाळचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि पेन खाली ठेवलं. "ताई, बरं वाटतंय म्हणून घरी जाऊ नका. जे येऊन गेलं ते परत यायला बघतं, आणि पहिले दोन दिवस सगळ्यात वाईट असतात." चिठ्ठीवर त्यांनी लक्षण सुरू झाल्याची वेळ लिहिली, ९.१५, आणि तिच्याखाली दोन रेघा ओढल्या. हात तसाच लुळा राहिला असता तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, हे त्यांनी तेव्हाच सांगितलं. आमचे नऊ तास होऊन गेले होते. कुणाला असं झालं तर घड्याळ बघा, वेळ लिहून ठेवा आणि दवाखान्यांच्या पाट्या वाचत बसू नका, थेट सीटी स्कॅन असलेल्या हॉस्पिटलात जा.

यात्रेमुळे रस्ते बंद. रिक्षावाल्यानं कुठून कुठून फिरवून रात्री आठला खासगी हॉस्पिटलात पोचवलं. वीस हजार डिपॉझिट. कॅज्युअल्टीत पोरगेलासा डॉक्टर फॉर्म भरायला लागला. बीपी? हो. शुगर? नाही, म्हणजे तपासलीच नव्हती. तंबाखू? ह्यांनी आणि मुलानं एकदमच सांगितलं, "छे छे." मी गप्प.

सीटीत रक्तस्राव नव्हता. मग लगेच रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या, ऍस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, मोठ्या पहिल्या डोसात दिल्या. सीटीच्या आधी घरी कुणीही स्वतःच्या डोक्यानं ऍस्पिरिन चघळायची नाही, कारण आत रक्तस्राव असेल तर तीच गोळी जिवावर येते. हे सिस्टरनं शेजारच्या खाटेवरच्या माणसाला रागावून सांगितलं, मी ऐकून घेतलं. रात्री अकराला एमआरआय. डाव्या बाजूला दोन बारीक पांढरे ठिपके. म्हणजे सकाळचं ते नुसतं येऊन गेलेलं नव्हतं, जाताना ठसा ठेवून गेलं होतं.

आमच्याकडे याला "अंगावरून वारं गेलं" म्हणतात. माझ्या आईच्या अंगावरून ६१व्या वर्षी गेलं, ती पुढे सात महिने खाटेवर होती. त्या रात्री वॉर्डात मला झोप आली नाही. दोनच्या सुमाराला एक शिकाऊ डॉक्टर मुलगी बीपी घ्यायला आली. बसली, आणि पुन्हा तेच सगळे प्रश्न पहिल्यापासून विचारायला लागली. बीपी कधीपासून, घरात कुणाला अर्धांग, कुणाला हार्ट अटॅक, झोपेत घोरता का, दिवसभर बसून काम का, मूत्रपिंडाचा त्रास, मानेला कधी किरणोपचार दिलेत का. मग, "मावशी, तंबाखू? कुठल्याही रूपात? मिश्री, मशेरी, मावा, गुल?" तिनं मिश्रीचं नाव घेतलं. पहिल्यांदाच कुणीतरी नाव घेतलं. हे खाली बाकड्यावर झोपले होते. मी म्हटलं, "मिश्री. त्रेचाळीस वर्षं. दिवसातून पाच-सहा वेळा." तिनं मान वर न करता लिहून घेतलं. मला वाटलं होतं काहीतरी बोलेल.

१४ला, ऐन संक्रांतीला, मानेची डॉपलर झाली, म्हणजे नसेतलं रक्त कसं वाहतं ते बघणारी सोनोग्राफी. जेल गार असतं, अर्धा तास मान वळवून पडायचं, आणि मशीनमधून आपल्याच रक्ताचा फुस्स-फुस्स आवाज येतो. उजवीकडे तो आवाज साधा होता. डावीकडे आला की जोरात आणि खरखरीत, नळाला बोट लावल्यावर पाणी उडतं तसा. रक्ताचा वेग सेकंदाला २८४ सेंटिमीटर. २३०च्या पुढे गेला की नस सत्तर टक्क्यांहून जास्त चिंचोळी झाली असं धरतात. १५ला सीटी अँजिओग्राफी, म्हणजे नसांचा सीटी. त्याआधी क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट लागतो, तो नसेल तर नंबर हुकतो, म्हणून आदल्या दिवशीच मागून घ्या. औषध शिरेत गेलं की अंगभर ऊन पसरतं आणि लघवी झाल्यासारखं वाटतं. झालेली नसते, घाबरू नका.

निकाल असा आला. डावी मुख्य नस मानेत जिथं दुभंगते तिथं मेंदूकडे जाणाऱ्या फाट्यात ७५ टक्के अडथळा. उजवीकडे ४० टक्के. आणि मेंदूच्या आत डाव्या मधल्या धमनीत साधारण ४० टक्के. हृदयाचे ठोके चोवीस तास यंत्र लावून पाहिले, ते नियमित. म्हणजे गुठळी हृदयातून आलेली दिसत नव्हती.

न्यूरॉलॉजिस्टनी कागदावर आडवी-उभी रेघ काढून समजावलं, ते मला अजून आठवतं. म्हणाले, उजनीच्या कालव्याला फाटा फुटतो तिथं काय होतं? पाणी गरगरतं, मंदावतं, गाळ धरतो. मानेत तेच. बीपी चढा असला की आतलं अस्तर खरवडतं, तंबाखू आणि साखर ते आणखी बिघडवतात, मग वाईट कोलेस्टेरॉल त्या अस्तराखाली शिरून बसतं. शरीर त्यावर साल धरतं. साल जाड असेल, चुना धरून दगड झाला असेल, तर तो त्यातल्या त्यात बरा. साल पातळ आणि आत मऊ लोण्यासारखा गाळ असेल तर ती एखाद्या दिवशी फुटते, तिथं रक्त गोठतं आणि तुकडा वर जातो. "तुमचा गाळ मऊ आहे, आणि सालीवर छोटं चर पडलंय. टक्केवारी बघून घाबरायचं त्याहून जास्त हे चर बघून घाबरायचं."

मी विचारलं, मिश्री तर मी गिळत नाही, थुंकते. धूर नाही, काही नाही. ते म्हणाले, निकोटीन हिरड्यांतून थेट रक्तात जातं, दर वेळी बीपी आणि ठोके वर ढकलतं. विडी-सिगारेटचा पुरावा जास्त मोठा आणि जुना आहे हे खरं, पण म्हणून तुमची डबी निर्दोष सुटत नाही. मग माझ्या फाइलवर बोट ठेवून एकेक दाखवलं. बीपी. एलडीएल, म्हणजे ते वाईट कोलेस्टेरॉल, १६८. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, ७.१. मधुमेह निघाला, आणि तो कधीपासून आहे हे देवालाच ठाऊक. मिश्री. आईचा झटका. शिवाय त्यांनी एक वेगळी तपासणी करायला लावली, लायपोप्रोटीन (ए), कोलेस्टेरॉल वाहून नेणारा रक्तातला एक कण. चौदाशे रुपये. हा आकडा जन्मजात असतो, बहुतेकांना आयुष्यात एकदाच तपासला तरी पुरतो. ५० मिलिग्रॅमच्या वर गेला तर जोखीम वाढते. माझा ८२. त्यावर पथ्य चालत नाही. म्हणून बाकीचे जे हातात आहेत ते आणखी घट्ट धरायचे, आणि मुलाची तपासणी करून घ्यायची. मुलगा ३१ वर्षांचा, यंत्रमागाच्या सुट्या भागांचं दुकान चालवतो, सडपातळ. त्याचं एलडीएल १४९ निघालं. त्या दिवशी मला स्वतःच्या रिपोर्टनं जेवढं रडू आलं नव्हतं तेवढं त्याच्या रिपोर्टनं आलं.

मानेतला अडथळा शस्त्रक्रियेनं काढता येतो. मेंदूच्या आतला नाही. तिथं स्टेंट, म्हणजे नस उघडी ठेवणारी जाळीची नळी, घालण्यापेक्षा औषधं आणि कडक नियंत्रण जास्त सुरक्षित ठरतं, हे २०११च्या मोठ्या चाचणीत दिसलं होतं. आपल्या आशियाई लोकांत या आतल्या नसा चिंचोळ्या होण्याचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा जास्त असतं, असंही त्यांनी सांगितलं. मानेसाठी त्यांनी आकडे दिले. सत्तर टक्क्यांवर अडथळा आणि नुकतीच लक्षणं असलेल्या लोकांवर १९९१ मध्ये अमेरिका-कॅनडात झालेल्या चाचणीत, नुसत्या औषधांवर ठेवलेल्या शंभरातल्या २६ जणांना दोन वर्षांत त्याच बाजूचा झटका आला, शस्त्रक्रिया केलेल्यांत ९ जणांना. तेव्हाची औषधं आजच्याइतकी चांगली नव्हती हेही त्यांनी स्वतःहून सांगितलं. मात्र करायची असेल तर दोन आठवड्यांच्या आत, नंतर फायदा घटत जातो. म्हणजे २७ जानेवारीपर्यंत. मी रोखपाल, मला मुदत दिली की डोकं चालतं.

१६ला डिस्चार्ज, बिल ६४,३०० रुपये. इथं आमच्या विम्याची कॅशलेस सोय नव्हती, पैसे भरून नंतर मागायचे. मुलानं एलआयसीवर कर्ज काढायचं ठरवलं होतं, शेवटी माझी एक ठेव मोडली. निघताना अँजिओग्राफीची सीडी, एमआरआयच्या फिल्म, सगळ्या रिपोर्टच्या तीन-तीन झेरॉक्स घेतल्या. नुसता छापील रिपोर्ट सर्जन बघत नाहीत, त्यांना सीडीच लागते. शेजारच्या खाटेवरच्या विडी कामगार अक्कांचं सगळं महात्मा फुले योजनेतून चाललं होतं, रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्यांची सून आरोग्यमित्राच्या टेबलाशी दोन दिवस उभी होती. आता त्यात कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. ज्यांच्याकडे विमा नाही त्यांनी ऍडमिट होतानाच त्या टेबलाशी जाऊन आपला आजार, आपली शस्त्रक्रिया यादीत आहे का ते विचारावं, डिस्चार्जच्या दिवशी नव्हे.

सोमवारी, २० तारखेला, पहाटेच उठून हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला. व्हॅस्क्युलर, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या सर्जनची फी १,२००, थांबायला लागलं साडेतीन तास. स्टेंट की कापून साफ करणं, यावर त्यांनी घाई केली नाही. स्टेंटमध्ये गळ्यावर व्रण नाही, पण त्या वेळी झटका येण्याचा धोका थोडा जास्त, आणि सत्तरीच्या पुढे तर ठळकच जास्त. कापण्यात हृदयावर ताण येण्याचा धोका थोडा जास्त. माझं हृदय ठीक, नसेतली गाळाची गाठ मऊ आणि सुटी होऊ पाहणारी, म्हणून कापून काढणं. शस्त्रक्रियेमुळेच झटका येऊ शकतो हे त्यांनी तीनदा सांगितलं आणि सही घेतली. दुसऱ्या कुणाचं करायचं झालं तर हा प्रश्न सर्जनला तोंडावर विचारा: तुमच्या हातून झालेल्या शंभरात किती जणांना झटका आला? लक्षणं असलेल्या रुग्णांत हा आकडा सहाच्या आत असायला हवा असं धरतात. ह्यांनी विचारला. मला लाज वाटली, सर्जनना नाही वाटली.

आता विमा. कॅशलेससाठी अर्ज २१ला गेला. २२ला दुपारी कंपनीचा प्रश्न आला: प्रस्तावात "तंबाखू: नाही", सोलापूरच्या डिस्चार्ज कार्डावर "मिश्री, ४३ वर्षे", खुलासा करा. हडपसरला पुतण्याच्या घरी आम्ही चहा पीत होतो. कागद ह्यांच्या हातात. त्यांनी वाचला, घडी केली, पुन्हा उघडून वाचला. "त्रेचाळीस?" एवढंच म्हणाले. मिश्री लावते हे त्यांना ठाऊक होतं, आकडा ठाऊक नव्हता.

पुतण्या म्हणाला, त्या शिकाऊ डॉक्टरच्या चुकीनं लिहिलं असं पत्र देऊ. मोह झाला मला, खोटं का सांगू. पण भूल देणाऱ्या डॉक्टरला खरं सांगायचंच होतं, आणि एका हॉस्पिटलात हो, एका कागदावर नाही, असा हिशेब मी आयुष्यात कधी जुळवला नव्हता. साध्या कागदावर लिहून दिलं: मिश्री वापरत होते, ती तंबाखू धरली जाते हे फॉर्म भरताना लक्षात घेतलं नाही, चूक माझी. मुलानं खाली एक ओळ जोडली. २०२४च्या विमा नियामकाच्या नियमाप्रमाणे सलग ६० महिने पॉलिसी चालली की माहिती दिली नाही या कारणावरून दावा नाकारता येत नाही, सिद्ध झालेली फसवणूक सोडून. आमची पॉलिसी नोव्हेंबर २०१९ची. साठ महिने दोनच महिन्यांपूर्वी भरले होते. कॅशलेस अर्जाचं उत्तर तासाभरात द्यायचं असा नियम आहे, आम्हाला २३ला संध्याकाळी मिळालं. मंजूर. तोवर मी ऍडमिट होऊन बसले होते आणि मुलगा ओळखीच्या दोन माणसांना फोन करून आला होता. हे सगळं नशिबानं निभावलं. तुमच्या फॉर्मवर चुकीची खूण असेल तर आजच कंपनीला लेखी कळवून दुरुस्त करून घ्या, थोडा हप्ता वाढला तर वाढू दे.

२४ जानेवारी, शुक्रवार. मला पूर्ण भूल नव्हती, मानेपुरती होती. चार-पाच टोचण्या, मग मान लाकडासारखी. तोंडावर हिरवं कापड, पलीकडे सर्जन, अलीकडे भूलतज्ज्ञ बाई माझं तोंड बघत बसलेल्या. माझ्या उजव्या हातात त्यांनी रबरी बदक दिलं, दाबलं की च्यँव वाजणारं. नस चिमट्यानं बंद केली की मेंदूच्या त्या भागाला दुसरीकडून रक्त पुरतंय का, हे त्या बदकावरून कळतं. हात दाबेनासा झाला की तात्पुरती नळी घालायची. भोगीच्या दिवशी पडलेला तोच हात.

"आता बंद करतोय," सर्जन म्हणाले. बाई म्हणाल्या, "दाबत राहा, आणि काहीतरी म्हणत राहा." मला एकदम काही सुचेना. पाढे सुचले. एकोणतीस एके एकोणतीस, च्यँव. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, च्यँव. एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी, च्यँव. एकोणतीस चोक सोळोदरसे.

"काय? काय म्हणालात? पुन्हा बोला!" बाई उठून उभ्याच राहिल्या. "सर, बोलणं गडबडलंय!"

"एकशे सोळा हो," मी कापडाखालून म्हणाले. "सोळोदरसे म्हणजे एकशे सोळा." पलीकडून सर्जन हसल्याचा आवाज आला, आणि ते म्हणाले, "चालू दे, माझी आजी असंच म्हणायची."

दीड तास लागला. शेवटी त्यांनी काढलेली गाठ बाटलीत दाखवली. बेचकीच्या आकाराची, बोटाच्या दोन पेरांएवढी, आतून पिवळी, खरवसाच्या तुकड्यासारखी बुळबुळीत. एका जागी काळपट लाल ठिपका. "हे ते चर." त्रेचाळीस वर्षांत मी काय काय साठवलं ते एवढंसं होतं.

आयसीयूत एक रात्र, सारखा बीपी. साफ झालेल्या नसेतून रक्ताचा लोंढा वर जातो, बीपी चढला तर मेंदूला सोसत नाही, म्हणून डोकं ठणकलं की लपवायचं नाही. जीभ बाहेर काढा, हसून दाखवा, हात उचला, दर तासाला. खालचा ओठ जरासा तिरका झाला होता, चहा डाव्या कोपऱ्यातून गळायचा. सहा आठवड्यांत जागेवर आला. कानाची पाळी आणि जबड्याखालचा भाग अजून बधिर आहे. कुडी घालताना टोचतं की नाही कळत नाही, आरशात बघून घालते. तिथला बारीक मज्जातंतू शस्त्रक्रियेत दुखावतो, असं बऱ्याच जणांना होतं.

२६ जानेवारीला सुट्टी आणि त्यात रविवार, विम्याचं टेबल बंद. डिस्चार्ज २७ला. बिल ३,१२,४००. मंजूर २,३८,६५०. आम्ही भरले ७३,७५०. का? खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला पाच हजार, आम्ही घेतलेली खोली सात हजारांची. मला वाटलं वरचे दोन हजार गुणिले चार दिवस जातील. तसं नसतं. खोली वरची घेतली की सर्जनच्या फीपासून बऱ्याच गोष्टी त्याच प्रमाणात कापतात. हे ऍडमिशनच्या खिडकीवर कुणी सांगत नाही. सोलापूरच्या बिलाचे पैसे मार्चअखेर आले, ५१,२०० रुपये, दोनदा मूळ पावत्या पाठवल्यावर.

घरी आल्यावरचं शस्त्रक्रियेपेक्षा अवघड होतं. गोळ्या: ऍस्पिरिन कायमची, क्लोपिडोग्रेल काही आठवडे, कोलेस्टेरॉलची ऍटोरव्हास्टॅटिन ८० मिलिग्रॅम, बीपीच्या दोन, शुगरची एक. औषधं महिन्याला साधारण दीड हजार, जेनेरिक दुकानातून त्याच्या निम्म्याच्या आत. गल्लीत सगळ्यांचं म्हणणं, कोलेस्टेरॉलच्या गोळीनं किडनी जाते. न्यूरॉलॉजिस्टना विचारलं, ते म्हणाले बीपीनं जाते. पोटऱ्या दुखल्या पंधरा दिवस, रक्त तपासलं, काही निघालं नाही, दुखणंही गेलं. बीपीचं मशीन १,९०० रुपयांचं घेतलं, सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटं बसून मगच मोजायचं आणि वहीत लिहायचं. वही लिहिणं माझ्या हाताचा मळ.

खाण्यात आहारतज्ज्ञ बाईंनी शेंगाचटणी बंद करा म्हटलं असतं तर मी तिथूनच उठले असते. त्यांनी शेंगा ठेवल्या, मीठ काढलं. दिवसाला पाच ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, सगळं धरून. कडक भाकरी चालते, तिच्याबरोबरचं लोणचं आणि पापड नाही. संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाकडे चाळीस मिनिटं चालते. मार्चपासून पहाटे, कारण सोलापूरचं ऊन.

आणि मिश्री. १३ जानेवारीच्या संध्याकाळपासून बंद. हॉस्पिटलात भीतीनं काही वाटलं नाही, घरी आल्यावर सकाळी पोटच साफ होईना. जी लावते ती बाई हे समजेल, दुसऱ्या कुणाला सांगायला लाज वाटते. चिडचिड, हिरड्यांना खाज, दुपारी कॅश मोजताना हात नकळत पर्सकडे. १८००-११-२३५६ या तंबाखूमुक्तीच्या फुकट नंबरावर दोनदा बोलले. त्यांनी विचारलं डबी कुठं आहे. घरातच होती, देवघराच्या खणात. ह्यांनी नेऊन टाकली. डॉक्टरांना विचारून दोन मिलिग्रॅमच्या निकोटीनच्या गोळ्या चघळल्या. तरी २ मार्चला अक्कलकोटला लग्नात, न्हाणीघरात मावसबहिणीनं डबी पुढे केली आणि मी बोट बुडवलं. एकदाच. घरी येताना एसटीत ह्यांना सांगितलं. ते खिडकीबाहेर बघत राहिले, मग म्हणाले, "तारीख लिहून ठेव."

५ एप्रिलला परत डॉपलर. एलडीएल ६१, एचबीए१सी ६.६, बीपी १२६/७८. डावी नस मोकळी, उजवी होती तिथंच, ४० टक्के. आता सहा महिन्यांनी. काउंटरवरच्या मुलीनं नवा फॉर्म पुढे सरकवला, जुना सापडत नव्हता. तंबाखू: हो / नाही. दोन्ही चौकोनांवर पेन फिरवून शेवटी मी त्यांच्या मधल्या जागेत लिहिलं, "मिश्री. शेवटची २ मार्च." मुलीनं वाचलं, म्हणाली, "मावशी, कुठंतरी टिक करा ना, कॉम्प्युटर घेत नाही."